शेवटच्या डोंग्याची हाक

बगलेत बांबू, एका हातात तोंडातून काढलेला पेटता चुट्टा, दुसरा हात कानामागे. अशी उभी राहून ती बेटाकडे तोंड करून ओरडायची, "एवरैना उन्नाराऽऽ?" आणि ज्यांना तेलुगू कळत नाही त्यांच्यासाठी लगेच, "कोणी राह्यलं काऽऽ?"

मग ती थांबायची. बेटावरून काही उत्तर यायचं नाही. "बरं झालं," असं पुटपुटून ती बांबू वाळूत रोवायची आणि दिवसातला शेवटचा डोंगा सिरोंच्याच्या काठाकडे निघायचा.

गोदावरीच्या पात्रात सिरोंच्याजवळ ते बेट आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिथे वाळूत टरबुजाच्या वाड्या लागतात, महादेवाचं एक बुटकं देऊळ आहे, आणि चार चिंचांची गार सावली. दोन्ही काठांवरची माणसं भाकरी बांधून तिथे जायची. पुण्या-मुंबईच्या लोकांना महाबळेश्वर, आम्हाला ते. मी तेव्हा, म्हणजे पन्नास सालानंतर, सिरोंच्याच्या लाकूड डेपोत कारकून होतो आणि डेपोच्या कामानं नदी ओलांडावी लागे. माणसं ने-आण करणारे दोन डोंगे तिचे, त्यामुळे तिची-माझी ओळख. नाव मात्र शेवटपर्यंत कळलं नाही. सगळे अम्मा म्हणत, तिच्याहून म्हातारे लोकसुद्धा.

चुट्टा, म्हणजे तंबाखूच्या पानाची जाड विडी, ती उलटा ओढायची. म्हणजे पेटतं टोक तोंडात! पहिल्यांदा बघणारा किंचाळायचाच. त्या वेळी तिला बोलता येत नसे, आणि तेवढाच काय तो आम्हा उतारूंना आराम. एरवी दोन भाषांत शिव्या चालू. कोणी डोंग्यात उभं राहिलं की, "बसा जी! पाणी कोनाचा भाऊ नाई!" हे वाक्य तर दिवसातून किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे.

आताची पोरं पाठीवर पिशव्या अडकवून कुठेकुठे भटकतात. आम्हीही भटकलो हो! एका उन्हाळ्यात माझे दोन मित्र लाकडं वाहणाऱ्या मोटारीत बसून, पाठीवर वळकट्या बांधून सिरोंच्याला येऊन थडकले. मूल गावच्या राइस मिलमधला दिगांबर, अंगानं तांदळाच्या पोत्यासारखाच, आणि चांद्याचा वसंता मास्तर. बेटावर तीन-चार दिवस मुक्काम करायचा असा बेत.

"राहा ना," अम्मा म्हणाली. "दिवसा राहा. राती कोणी राहत नाई तिथी."

"काऊन? वाघ येते का?" दिगांबर.

"वाघाचं काई नाई जी. पाणी कोनाचा भाऊ नाई."

पण दिगांबर म्हणजे हट्टाला पेटला की पेटला. शेवटी अम्मानं कपाळावर हात मारला. "मंग मी बी राहीन. माहा डोंगा बी राहील." दुसरा डोंगा तिनं आपल्या भाच्याच्या हवाली केला आणि आमच्याबरोबर बेटावर उतरली, तांदळाची पिशवी, मडकं आणि चुट्टे घेऊन. दिगांबरकडे बघून म्हणाली, "याच्यासाटी मडकं लहान पडते, मायबाई." आम्ही पोट धरून हसलो.

दिवस कलला. भाच्याच्या डोंग्यात लोक चढले. अम्मा पाण्याच्या कडेला गेली, कानामागे हात धरला आणि रोजच्यासारखी हाक दिली, "कोणी राह्यलं काऽऽ?"

दिगांबर चिंचेखाली टरबूज खात पसरला होता. तिथूनच तो ओरडला, "हाव अम्मा! आमी राह्यलो ना!"

अम्माच्या हातातला चुट्टा पाण्यात पडला. मला वाटलं, आता शिव्यांचा पाऊस. पण एकही शिवी आली नाही. डोंग्यात भाच्यानं मान खाली घातली आणि घाईघाईनं बांबू मारला. अम्मा आमच्यापाशी येऊन बसली.

"त्या हाकेले तोंडानं उत्तर नाई द्यावं जी," ती म्हणाली. "इथी सगळ्यांले ठाऊक हाय. जो राह्यला त्यानं गुपचूप चालत यावं, डोंग्यात बसावं. बाकीच्यांनी सरकून त्याले जागा द्यावी. बस."

"पण काऊन?" दिगांबरच्या तोंडातलं टरबूज तसंच होतं.

"माही पोरगी होती. एका उन्हाळ्यात, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, मले वाटलं ते नणंदेच्या डोंग्यात हाय. नणंदेले वाटलं माह्या डोंग्यात. दोघी हासत-हासत काठाले लागलो. पोरगी इथीच, टरबुजाच्या मांडवात झोपून होती. अन् वरचं पाणी आलं. इथी एक थेंब नाई, आभाळ साफ, कुठी तरी वर पाऊस पडला असंन. डोंगा बेटाले लागेच ना. मी काठावरून इचारो, 'कोणी राह्यलं का?' ते इथून म्हने, 'अम्मा, मी राह्यले.'"

वसंतानं हळूच विचारलं, "मंग?"

"मंग मी इचारतच राह्यले."

नंतरचे दिवस तिनं आम्हाला लाडानं खाऊ घातलं. चिंच घातलेला मासा आणि भात. दिगांबरला तर दोनदा वाढायची आणि वर शिव्या द्यायची. तो बिचारा निमूट खायचा, मान वर करायचा नाही. संध्याकाळी मात्र ती हाक द्यायची आणि आम्हीही कान देऊन बसायचो. मी तिच्या तोंडाकडे बघायचो. लागतो त्याहून जास्त वेळ ती थांबायची. "बरं झालं" म्हणायची, पण तिला बरं वाटलेलं नसायचं, हे मला तिथे कळलं. इतकी वर्षं ती उत्तराचीच वाट बघत होती.

पुढच्या हंगामाच्या शेवटी वरचं पाणी पुन्हा आलं. मी काठावरच होतो. वाडीवाले सगळे सुखरूप परतले होते, आभाळ निरभ्र, आणि पाणी बघता बघता लाल झालं. अम्मानं हाक दिली. थांबली. "बरं झालं" म्हणाली नाही.

"आयकलं का?" तिनं मला विचारलं.

मला पाण्याचाच आवाज येत होता. "नाही अम्मा. काहीच नाही."

"कोणीतरी राह्यलं जी," ती म्हणाली. तिचा चेहरा मी असा आनंदी कधी पाहिला नव्हता. भाचा धावेपर्यंत तिनं डोंगा सोडला होता. आम्ही काठानं ओरडत पळालो, तिनं मागे वळून बघितलं नाही. डोंगा पुढे खाली एका बाभळीला अडकलेला सापडला. ती सापडली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मित्र पुन्हा आले. राहायला नाही, नुसतं बेटावर जाऊन यायला. चिंचांखाली बसलो, पण टरबूज कोणालाच गेलं नाही. संध्याकाळी भाच्याच्या शेवटच्या डोंग्यात आम्ही चढलो. त्यानं बांबू उचलला. हाक देण्याचं त्याच्यानं होईना.

तेव्हा दिगांबर डोंग्यात उभा राहिला. त्याला कोणी "बसा जी" म्हणालं नाही. कानामागे हात धरून, फुटक्या आवाजात तो ओरडला, "कोणी राह्यलं काऽऽ?"

बेटावरून उत्तर आलं नाही.

आम्ही सगळे सरकलो, फळीवर एका माणसाची जागा केली, आणि थोडा वेळ तसेच थांबलो. मग भाच्यानं डोंगा ढकलला.