न तापवलेला दगड

लतिका कोणाच्या बापाचं ऐकणारी नाही, हे आधीच सांगून टाकतो. डिलाईल रोडच्या चाळीतली बाई, वडील गिरणीत साचेवाले. आमच्या कॉलेजात भूगर्भशास्त्राला बावीस वर्षं दगड कापतेय, तेही कंत्राटावर. मी तिथलाच शिपाई, अवधूत. दगडाची चकती काचेवर चिकटवून ती एवढी पातळ घासते की आरपार उजेड दिसतो. किती पातळ झाली ते तिच्या अंगठ्याला कळतं. काचेवरच्या त्या चकतीला स्लाइड म्हणतात.

मार्चमध्ये कर्नाटकातून गारगोटीचा एक तुकडा आला. सुपारीएवढा, पण अडीचशे कोटी वर्षांचा, आणि आत सोन्याचे कण. तसा दुसरा नव्हता. सोनं दगडात येतं कसं, हे मला तिनेच डबा खाताना समजावलं होतं. खोल जमिनीत तापलेलं पाणी सोनं विरघळवून घेतं नि भेगांतून वर चढतं. वर दाब उतरला की सोनं सुटतं, गारगोटी भेग भरून टाकते. त्या पाण्याचे बारीक थेंब आतच कोंडून राहतात. पाणी किती गरम होतं, त्यात काय काय होतं, ते थेंबच सांगतात.

"चकती तापवली की थेंब फुटला," ती म्हणाली. "मग सांगणार कोण, तुझा काका?"

आमचे साहेब नवे. परवा बाहेरगावच्या संशोधक बाई येणार, म्हणून स्लाइड आजच हवी, हॉटप्लेटवर चिकटव म्हणाले. थंड गोंदाला अख्खा दिवस लागतो. लतिका नाही म्हणाली. मग लेखी दे, साहेब तापले. तिने दिलं: मी हा दगड तापवणार नाही. खाली ठसठशीत सही.

लगेच मेमो आला. माफी लिहून दे, नाहीतर एप्रिलपासून कंत्राट बंद. घर तिच्या एकटीच्या पगारावर, मुलगी मनाली नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. कर गं सही, तुझं काय जातंय, असं मी म्हटलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

बाई आल्या तेव्हा स्लाइड तयार होती, थंड गोंदानेच चिकटवलेली. त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तो काढेचनात. मग मलाही बोलावलं. एक थेंब होता आणि त्यात एवढासा बुडबुडा, जागेवर राहीचना. च्यायला, एवढ्या वर्षांचं कोंडलेलं पाणी नि अजून थरथरतंय!

बाई गेल्यावर साहेबांनी माफीचा कागद पुन्हा पुढे सरकवला. लतिकाने पर्समधून रुमालात गुंडाळलेली एक जुनी स्लाइड काढून त्यावर ठेवली. कीर्ती नावाच्या विद्यार्थिनीचा दगड, तीन वर्षांची मेहनत. तेव्हाच्या साहेबांनी सांगितलं म्हणून लतिकाने तो गरम चिकटवला होता. सगळे थेंब फुटलेले.

"तेव्हा ऐकलं होतं मी," ती म्हणाली. "माफी मागायची तर त्या पोरीची मागीन. तुमची नाही."

कंत्राटावर अजून साहेबांची सही नाही. एप्रिलच्या एक तारखेला ती वेळेवर आली आणि दगड कापायचं मशीन सुरू केलं.