न पाहिलेली लेक
परवा दुपारी मरोळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये शेजारणीने दारातून विचारलं, "लाईट गेली का गं?" आणि मी हातातलं काम सोडून तशीच उभी राहिले. आठ वर्षांपूर्वी हाच प्रश्न मी हॉस्पिटलच्या खाटेवरून, भरदुपारी, सासूबाईंना विचारला होता. बीपी फार वाढलं म्हणून दिवस भरायच्या आतच भूल देऊन सिझेरियन केलं होतं. शुद्धीवर आले तेव्हा डोकं फुटेल असं दुखत होतं आणि सगळीकडे काळोख होता. "लाईट खय गेली? पंखो फिरताहा गो," म्हणत त्या डॉक्टरांना बोलवायला धावल्या. तेवढ्यात मला झटका आला म्हणे. बीपीमुळे मेंदूला सूज आली आहे, नजर बहुतेक परत येईल, असं डॉक्टर म्हणाले. त्या 'बहुतेक'वर मी दोन दिवस काढले. मुलगी वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत होती. मी तिला पाहिलंच नव्हतं. सासूबाई सारख्या वर जाऊन यायच्या आणि माझा हात धरून सांगायच्या, "गुटगुटीत आसा चेडू. केस तर काळेभोर." तिसऱ्या दिवशी आधी खिडकीचा उजेड दिसला, मग माणसं. व्हीलचेअरवरून मला वर नेलं, तर पेटीत ओंजळीएवढा जीव, नाकात नळी, डोक्यावर जेमतेम लव. मी सासूबाईंकडे पाहिलं. "खरा कसा सांगू गो तुका?" एवढंच त्या म्हणाल्या. लेक आता तिसरीत आहे, धडधाकट आहे. पण त्या दोन दिवसांत वरून खाली माझ्याकडे येताना सासूबाई जिन्यात किती वेळ थांबून डोळे पुसत असतील, ते मला आता कळतं.