काळ्या काचेवरचा थेंब

नव्वदच्या आसपासची गोष्ट. पनवेलच्या एका प्रसूतिगृहात जिन्याखालच्या खोलीत मी रक्त तपासायची. नुकताच कोर्स संपला होता. वरच्या मजल्यावर बाळांच्या डॉक्टरीणबाई बसत. नवजात बाळाच्या रक्तात जंतू पसरलेत का, याचा कल्चर रिपोर्ट मुंबईहून यायला चार दिवस लागत. तेवढी सवड बाळापाशी नसे. म्हणून बाईंनी जंतू पसरले की रक्तात वाढणाऱ्या सीआरपीची तपासणी सुरू केली होती. काळ्या काचेवर बाळाच्या रक्तातून निथळलेल्या सीरमचा एक थेंब, त्यात दुधासारख्या पांढऱ्या द्रावणाचा एक थेंब, आणि दोन मिनिटं काच हातात डोलवायची. थेंब तसाच राहिला तर बरं. दाणे धरले तर दुखणं आत शिरलंय.

एके सकाळी विचुंब्याच्या वीटभट्टीवर काम करणारी एक बाई सहा दिवसांचं पोर घेऊन आली.

"ताप नाय, रडत पन नाय," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "पन पीत नाय. नुसता चाटतो."

मी टाचेतून रक्त घेतलं, तपासलं. थेंब तसाच राहिला. मी ऐटीत वर गेले. "निगेटिव्ह आहे, बाई."

"कायतरी हाय," आई हट्टाने म्हणाली. "तीन पोरं पाजल्यात मी."

बाईंनी पोराला पुन्हा उघडं करून नीट पाहिलं. मग मला म्हणाल्या, "अगं, तुझ्या काचेला कळायला वेळ लागतो. हिला आधीच कळलंय." आणि लगेच इंजेक्शनं सुरू केली.

मला ते लागलं. माझ्या रिपोर्टाला किंमतच नाही का?

दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त घेतलं. काच डोलवायला लागले आणि मिनिटभरातच थेंब दाणेदार झाला. आदल्या दिवशी माझं ऐकून पोराला घरी धाडलं असतं तर? मी धावत वर गेले. बाई एवढंच म्हणाल्या, "बरं झालं, औषध आधीच अंगात आहे त्याच्या."

त्यानंतर दर दोन दिवसांनी तपासणी. आई पोराला घेऊन स्वतः खाली यायची.

"मला पन बगू दे, ताई."

मी काच तिच्यापुढे धरायची.

"फाटल्यालं दूद दिसतंय," ती म्हणायची आणि पोराच्या पाठीवरून हात फिरवायची.

हळूहळू दाणे विरळ झाले. दहाव्या दिवशी थेंब शेवटपर्यंत तसाच राहिला. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "आज नाय फाटलं." मग माझ्या स्टुलावर बसून तिने पोराला पदराखाली घेतलं. चुटूचुटू आवाज येऊ लागला.

डॉक्टरीणबाई रिपोर्टासाठी खाली आल्या आणि दारातच थांबल्या. मी काच पुढे केली.

"राहू दे गं," त्या हळूच म्हणाल्या. "आधी पिऊ दे त्याला."