आईचा अवघड हात

माझ्या आईचा हात अवघड होता. अवघड म्हणजे पंजा रुंद, पेरं जाड, अंगठ्याखालचं हाड वर आलेलं. ऊस खुरपून आणि म्हशींच्या धारा काढून दुसरं काय होणार? असल्या हातात काचेच्या बांगड्या चढवताना निम्म्या फुटायच्या. एकही न फोडता भरणारा एकच माणूस होता, तो आमच्या गावचा मणेर. मणेर म्हणजे मुसलमान बांगडीवाला. पलूसपासून विट्याकडच्या गावांपर्यंत तो खांद्यावर बांगड्यांच्या माळा टाकून पायी हिंडायचा. ओसरीवर बसायचा, बाईचा हात आपल्या हातात घ्यायचा, अंगठा आत दुमडायचा आणि म्हणायचा, "हात सैल सोड, पोरी." सासूनं छळलेली, नवऱ्यानं बडवलेली बाईसुद्धा तेवढ्यानं हात सैल सोडायची. भरून झाल्या की वर एक बांगडी फुकट, आशीर्वादाची. मग बाई वाकून त्याच्या पाया पडायची. बांगडी भरणाऱ्याच्या पाया पडायचं असतं, त्याची जात कुणी काढत नव्हतं. गणपतीत गौरी बसायची, तिच्या हिरव्या बांगड्याही त्याच्याच.

आई सातारा जिल्ह्यातली, कराडकडची. पाठीला भाऊ नाही. नवी सून म्हणून आली तेव्हापासून ती त्याला दादा म्हणायची. वडील फौजेत, वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे. त्यामुळं आईच्या मनगटावर साऱ्या भावकीचा डोळा. जवानाची बायको, तिचे हात भरलेले पाहिजेत! बांगडी फुटली असं म्हणायचीसुद्धा सोय नाही, 'वाढली' म्हणायचं.

एकाहत्तरची लढाई होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी सोळा वर्षांची होते. गणपतीत गावानं व्याख्यान ठेवलं. शहरातून एक वक्ता आला. गोरापान, इस्त्रीचे कपडे, आवाज असा गोड की बायका पदर सावरून पुढं सरकल्या. आधी त्यानं जुन्या लढायांच्या गोष्टी सांगितल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मग त्यानं आवाज खाली आणला. म्हणाला, "तुमच्या लेकीसुनांचा हात तुमच्याच ओसरीवर कोण धरून बसतो? आणि तुम्ही त्याला वर सुपानं जोंधळा घालता!"

पुरुषांत हशा पिकला. सगळ्यात मोठ्यानं हसला तो माझा थोरला चुलता. मणेर तिथंच बसला होता, दरवर्षी बसायचा त्या पिंपळाच्या पाराखाली. तो उठला, धोतर झटकलं आणि निघून गेला. त्याला कुणी थांबवलं नाही. वक्ता रात्रीच्या मोटारीनं गेला, परत काही आमच्या गावात फिरकला नाही. मेल्यानं एका वाक्यात काम उरकलं होतं.

आठवड्याभरात पोरं शेफारली. मणेर कुणाच्या ओसरीवर बसला की कुंपणामागून आवाज यायचे, "धरा, धरा! घट्ट धरा!" जी पोरं त्यानं अंगाखांद्यावर खेळवली होती तीच ही. सुनांना घरातून ताकीद मिळाली. मग एका सकाळी कुणीतरी त्याच्या माळा हिसकून गल्लीत आपटल्या. सगळीकडं हिरवी-लाल काच. तो खाली बसून एकेक तुकडा वेचत होता. आईनं विचारलं, "दादा, कशाला येचताय आता?" तर म्हणाला, "पोरं अनवाणी खेळत्यात गं हितं."

त्यानंतर त्यानं दारोदार फिरणं सोडलं. पलूसच्या बाजारात पोतं अंथरून बसायला लागला. बांगड्या विकायचा, भरायचा नाही. ज्यांनी त्यांनी आपापल्या घालाव्यात.

आईचा संताप झाला. चुलत्याला तिनं भर अंगणात विचारलं, "माझ्या हाताची तुमाला एवढी काळजी लागलीया, तर मग भांडी घासायला या की! शेण काढायला या!" चुलता म्हणाला, "धर्माचं हाय ते, तुला कळायचं न्हाई." आई म्हणाली, "व्हय, मला न्हाईच कळायचं."

बाजारच्या दिवशी ती मला घेऊन पलूसला गेली. मणेराच्या पोत्यासमोर बसली आणि दोन्ही हात पुढं केले. "भरा दादा. कोण काय म्हणतंय ते मी बघते." त्यानं स्वतःचे हात काखेत घातले. म्हणाला, "बाई, तू बघशील. पर मला दोन पोरी हायत्या. उद्या त्येंचा हात कुणी धरला तर मी कुणाच्या दारात जाऊ?"

आईनं पुढं केलेले हात मागं घेतले. उठताना एवढंच म्हणाली, "मग मी कुणाच्याच हातनं भरायची न्हाई."

हट्टच तो. आणि महागात पडला. असल्या बांगड्या वर्ष-दीड वर्ष टिकतात, त्यातून आईचं काम राकट. भाकरी थापताना ती बांगड्या कोपरापर्यंत सारायची, धुणं बडवताना हात अंगापासून लांब धरायची. तरी एकेक जातच राहिली. दोन्ही हातांत दोन-दोन उरल्या तेव्हा पाणवठ्यावर बायका तिच्या तोंडावर बोलायला लागल्या. "नवरा सरहद्दीवर, आणि हिला बघा, भुंड्या हातानं मिरवतीया." आई तिथं उत्तर द्यायची, पण घरी आली की देवापुढं बसून राहायची. तिला भीती वाटत होती. वडिलांचं काही बरंवाईट झालं तर खापर तिच्याच मनगटावर फुटणार, हे तिला माहीत होतं. मी म्हटलं, "आई, घाल ना प्लास्टिकच्या." तर माझ्यावरच खेकसली.

वडील सुखरूप राहिले. गेली ती आई. काविळीनं, पंधरवड्यात. वडिलांना तार केली, ते पोचणं शक्यच नव्हतं.

नवरा जिवंत असताना गेलेली बाई. तिला हिरवी साडी नेसवायची, मळवट भरायचा, हिरवा चुडा भरायचा, मगच उचलायचं. साडी माहेरची लागते. कराडकडची माणसं यायला दुपार झाली. तोवर अंग ताठलं होतं, हात सुजलेले. बायकांनी बांगड्या चढवायला घेतल्या. पहिली फुटली. दुसरी फुटली. तिसरीनं कातडं सोललं. जाणत्या बाया घाबरल्या, भुंड्या हातानं सवाष्ण पाठवायची कशी? तेव्हा थोरला चुलताच सायकल काढून मणेराला आणायला गेला.

तो आला. उंबऱ्यात थांबला आणि चुलत्याकडं बघून सगळ्यांदेखत विचारलं, "धरू का हात?"

चुलता दुसरीकडं बघत म्हणाला, "आवं, भरा की लवकर. उशीर व्हायला लागलाय."

त्यानं कोमट पाणी मागितलं, साबण मागितला. आईचा हात मांडीवर घेतला आणि बराच वेळ नुसता चोळत बसला, पेर न् पेर. मग अंगठा आत दुमडायला गेला आणि सवयीनं त्याच्या तोंडून निघालं, "हात सैल सोड, पोरी." दोन्ही मनगटं त्यानं भरली. एकही बांगडी फुटली नाही. शेवटी तोच वाकला आणि आईच्या पायावर डोकं टेकवलं.

आशीर्वादाची वरची एक बांगडी त्याच्या हातात उरली होती. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी हात पुढं केला. तो थोडा मागं सरकला आणि ती बांगडी त्यानं माझ्यासमोर जमिनीवर ठेवली.