गहू यंदाचा, वाट जुनी

विलायतेत मी चार दिवस विनाकारण चाललो. आमच्या राई गावात कोणी असा चालला असता तर लोकांनी विचारले असते, "काय रे, एस.टी. चुकली का?" तिथे मात्र बिनकामाचे चालायला मैलोगणती लांब वाट राखून ठेवली आहे. कारखान्याने प्रशिक्षणाला धाडलेला मी, घरातला पहिला बी.एस्सी. सुट्टी मिळताच बूट, नकाशा, काठी असा थाट करून निघालो. खिशात बाबांनी शेजाऱ्याकडून लिहवून घेतलेले पत्र होते: "मिठागरवाल्या शेठने आपल्या खाडीच्या पायवाटेवर तार ठोकली. मासळी आणायला मैलाचा वळसा पडतो. तू शिकलेला. इंग्रजीत अर्ज कर."

टेकड्या म्हणजे घाईत अंथरलेली हिरवी गोधडी. दर कुंपणाला स्टाइल (ओलांडायची लाकडी पायरी). दुपारी पबमध्ये (दारूचा गुत्ता, पण तिथे आजीबाईही बसतात) 'नांगरकऱ्याचे जेवण' मागवले. आले काय, तर पाव, चीज आणि कच्चा कांदा! खाणाऱ्यांपैकी एकाच्याही हाताला घट्टा नव्हता. तिथेच बसून मी कलेक्टरसाहेबांना झकास इंग्रजीत अर्ज लिहिला आणि टपालपेटीत टाकला.

दुसऱ्या दिवशी वाट थेट उभ्या गव्हात शिरली. पिकात पाय? आईने फोडून काढले असते. मी बांधाबांधाने निघालो. तोच एक लालबुंद म्हातारा शेतकरी ओरडत आला.

"माझ्या शेतात काय करताय?"

"तुमचा गहू वाचवतोय."

"बांध माझा आहे. वाट मधून जाते. मधून चला!"

"पण पीक तुडवलं जाईल."

"गहू यंदाचा आहे, महाशय. वाट माझ्या पणजोबांच्या आधीची."

"मग तुम्ही ती बंद का नाही केली?"

"केली होती की! लोक चालतच राहिले. बदमाश लेकाचे."

मी बूट काढून हातात घेतले, मनोमन आईची माफी मागितली आणि मधून गेलो. म्हातारा माझ्या अनवाणी पायांकडे बघतच राहिला.

पुढचे दोन दिवस पायाला फोड आणि डोक्यात तेच वाक्य.

प्रशिक्षण संपवून राईला आलो तो हे ज्ञान घेऊनच. बाबा बाहेर गेले होते. आई मासळीची रिकामी पाटी घेऊन निघाली होती. तिला सगळे ऐकवले आणि म्हणालो, "आई, आता रोज त्याच वाटेनं चालायचं. तार असो की नसो."

"ह्ये सांगाया गोरा लागला व्हय रे तुला?" ती म्हणाली. "मी पयल्या दिसापासनं तिथूनच जाते. पाटी आधी सरकवते, मंग आपून."

"आणि बाबा?"

"त्ये लांबून जातात. तुझ्या अर्जाचं उत्तर न्हाय ना आलं अजून!"

मी तिच्यामागे निघालो. तारेखालचे गवत झिजून तिथे गुळगुळीत खोबण पडली होती. आईने पाटी सरकवली, पलीकडे गेली आणि तिथेच ठेवलेल्या काठीने तार उचलून धरली.

"वाक जरा. शिकल्याली मान ताठ असते, अडकंल."