अल्पशा आजाराने

बायको गेली त्याच्या चौथ्या दिवशी मुलानं दहाव्याच्या कार्डाचा मजकूर मोबाइलवर आणला. छापखान्यात तो तयारच असतो. नाव, वय, तिथी, घाट, एवढंच बदलायचं. आमच्याकडं सगळ्यांची कार्डं अशीच निघतात. मी चौथी शिकलेला, त्यात बारीक अक्षर दिसत नाही. नातीला म्हटलं, वाच.

नात कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. तिनं वाचलं, 'आमच्या मातोश्रींचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले.' मी मान हलवली. मुलगा छापखान्याला फोन लावायला उठला.

"पप्पा, थांबा. अल्पशा म्हणजे किती?"

"अगं, तसंच लिहितात."

"कोण लिहितं? आजी दिवाळीपासून खोकत होती. आता श्रावण लागला."

"तुझं कॉलेज घाटावर नको आणू," मुलगा म्हणाला.

तिच्या कॉलेजात एक बाई आहेत. त्यांनी पोरांना सवय लावलीय. काहीही लिहिलेलं समोर आलं की विचारायचं, हे कोण सांगतंय, त्याला कसं माहीत, आणि काय सांगायचं राहिलंय. तेव्हापासून पोरगी कुठला कागद सोडत नाही. चिवड्याच्या पुडीवरचं वाचून दुकानदाराशी भांडून आलीय. मला वाटायचं, तोंड चालवायचं शिक्षण आहे हे.

त्या दिवशी तिनं मलाच विचारलं. "आजोबा, काय राहिलं यात?"

मी सांगितलं. द्राक्षबागेत घडांच्या विरळणीला जायची तेव्हाच खोकला लागला होता. ती म्हणायची, फवारणीच्या औषधानं घसा धरलाय, जाईल. मीपण म्हणायचो, जाईल. दवाखाना घरापासून दोन चौक. मी नेलं नाही. नेलं तेव्हा डॉक्टरकडं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. हे बोलताना मला काहीच वाटत नव्हतं. पंखा कुरकुरत होता, तेवढं कळत होतं.

 मुलानं छापखान्याला फोन केला. 'अल्पशा' काढा, 'नऊ महिन्यांच्या' टाका.

"असं कोणी टाकत नाही हो," तिकडून आवाज आला.

"तुम्ही टाका."

मग मी वही मागितली. लिहिलं, 'तुला दवाखान्यात न्यायला मी उशीर केला.' नातीला म्हटलं, हेपण घे कार्डावर. तिनं दोनदा वाचलं.

"हे कोणाला सांगताय, आजोबा? येणाऱ्या पाहुण्यांना?"

"नाही. तिला."

"मग कार्डावर कशाला?"

"कुठंही लिहिलं तरी काय? तिला वाचता कुठं येत होतं!"

 पोरीनं वही माझ्या हातात दिली. "मग तुम्ही वाचून दाखवा."

फोटोसमोर दिवा लावलेला होता. मी बसलो आणि माझंच अक्षर अडखळत वाचलं. रडू आलं नाही. अजून येत नाही. पण वाचल्यावर दिसलं, उशीर का केला ते त्यात कुठंच नाही. मी पेन घेतलं आणि खाली लिहिलं, 'डॉक्टर काय सांगतील याची मला भीती वाटत होती.'

तेही वाचून दाखवलं.