बाद डब्यातला चाकू

जन्मभर चाकू विकूनही मिस्त्री चाकूला भीत असत. शाहूपुरीत आमच्या कचेरीच्या खाली त्यांचे धार लावण्याचे चिंचोळे दुकान होते. पाते उघडताना ते क्षणभर श्वास रोखून धरत. मी एकदा हसलो, तेव्हा म्हणाले, "भ्या पायजे सायेब. भ्या गेलं की बोट गेलं."

खिशात बाळगायला चाकू मागणाऱ्याला ते आधी विचारत, "रोज काय कापणार?" पार्सलची दोरी, एखादे सफरचंद, असे उत्तर आले की चार बोटांपेक्षा लांब पात्याला हात लावू देत नसत. मग चाकू उघडून पात्याची पाठ लाकडी फळीवर जोरात दाबत. खटका सुटून पाते जरा जरी मिटले, तरी तो चाकू बाद ठरून व्यापाऱ्याकडे परत पाठवायच्या मालाच्या पत्र्याच्या डब्यात पडे. "स्वस्त चाकू चालंल, बेईमान न्हाय चालायचा," हे त्यांचे ठरलेले वाक्य. पसंत पडलेला चाकूही ते हातात देत नसत, फळीवर ठेवून म्हणत, "उचला. हातात दिला की भांडान हुतं."

त्या डब्यातला एक चाकू मला फार आवडला होता. निळी मूठ, आरशासारखे पाते. मागितला, तर मिस्त्रींनी डब्याचे झाकणच लावले. एके दुपारी ते चहाला गेले असताना मी तो उचलला आणि चांगल्या चाकूची किंमत फळीवर ठेवून निघालो. त्यांची भीती म्हणजे म्हातारपणाचा चाळा, अशी माझी समजूत होती. पुढे आजऱ्याहून मेहुणा आला, तेव्हा "आमच्या मिस्त्रींचा माल" म्हणून तोच चाकू मी त्याला मिरवत भेट दिला.

महिन्याभराने मेहुणा उजव्या हाताला पट्टी बांधून थेट दुकानात आला. काजूची फांदी छाटताना पाते मिटले होते. तर्जनी आता वाकणार नव्हती. आरडाओरडा ऐकून मी खाली उतरलो.

"मानसं मारायचा धंदा हाय व्हय रं तुझा?" मेहुण्याने चाकू त्यांच्यापुढे आपटला.

मिस्त्रींनी तो उघडून पाठ फळीवर दाबली. पाते मिटले. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिले. मी मान वळवून मेहुण्याची पट्टी बघू लागलो.

"चूक माजी हाय, पावणं," ते म्हणाले. "बाद माल मोडूनच टाकाया पायजे हुता."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चाकू विकणे बंद केले. विळ्या आणि कात्र्यांना तेवढी धार लावत राहिले. मी मागच्या जिन्याने ये-जा करू लागलो. खालच्या दगडाची खरखर ऐकू आली, की कचेरीत बसल्या जागी मला घाम फुटे.

आठ महिन्यांनी धीर करून मी त्यांच्यापुढे उभा राहिलो आणि सगळे सांगितले. हातातली कात्री खाली न ठेवता ते म्हणाले, "ठाव हाय मला."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुमी बोलताय काय, तेच बघत हुतो की."

मिस्त्री आता नाहीत. अजूनही समोरचा माणूस माझ्याकडे पाहून नुसता गप्प राहिला, की मी घाबरतो. माझे काय बोलायचे राहिले आहे, ते आठवू लागतो.